७८६ नावाचा फोल्डर

रोहिणीताईंच्या डाव्या तळहातावर रोज सकाळी एक आकडा असतो. त्या दिवशी तो होता सव्वीस फूट चार इंच.

पहाटे काकडआरतीहून परतताना त्या धनेवाडीच्या गावविहिरीवर थांबायच्या आणि गाठी मारलेला दोर आत सोडायच्या. खालचा दगड पाण्याला टेकला की दोर किंचित सैल पडतो, ते हाताला कळतं. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर पेनानं तळहातावर लिहून घ्यायच्या. मग आंघोळ, पूजा, एसटीनं जामखेड, ऑफिसचं कुलूप, भिंतीवरच्या तसबिरीपुढे उदबत्ती, आणि कॉम्प्युटर. हातावरचा आकडा कॉम्प्युटरमध्ये गेला की मगच डबा उघडायचा, तोवर पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही. या नेमाला बारा वर्षं झाली होती. तो त्यांनी कुणाला सांगितलेला नव्हता. सांगितलेला नेम घरी आलेल्या पाहुण्यासारखा होतो, मग त्याचीच सरबराई करत बसावी लागते, असं त्यांना वाटे.

‘ओलावा’ संस्थेचं हे ऑफिस म्हणजे दोन खोल्या. कोरडवाहू चौदा गावांतल्या बेचाळीस विहिरींचं पाणी इथे नोंदलेलं होतं. दर सोमवारी गावोगावच्या बायका फोन करून आपापल्या विहिरीचं माप सांगत आणि ताई ते भरत. दिवाळीनंतर सगळ्या गावांची बैठक व्हायची. मागच्या वर्षांत याच सुमाराला पाणी किती होतं, पुढं ते कधी आटलं, हे पाहून यंदा कांदा किती करायचा आणि ज्वारी-हरभऱ्यावर कुठं थांबायचं, हे गावं आपसात ठरवत. भांडणं होतच, पण आकडे समोर आले की आवाज खाली यायचे. यंदाची बैठक परवावर, शुक्रवारवर आली होती.

आणि आज, बुधवारी, नगरच्या मुख्य ऑफिसातून करण आला होता.

सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, चलाख, पाठीवर बॅग. संस्थेचे सगळे कॉम्प्युटर तपासायचं काम त्याच्याकडे होतं. ताई उदबत्ती लावून वळतात तोच तो खुर्चीत बसलासुद्धा.

“महिनाभर स्लो चालतोय म्हणालात ना मॅडम? आज निकालच लावतो त्याचा.”

“लावा. फक्त आधी मला एक आकडा भरू द्या, दोनच मिनिटं.”

“आता मशीन हाताळू नका मॅडम. तपासणी होऊ दे, मग भरा पाहिजे तेवढे आकडे.”

ताई स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. दुसऱ्यानं एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारायची त्यांना सवय नव्हती.

झाडलोट करणाऱ्या छबूबाईंनी चहा आणला. करणनं घेतला. ताईंनी मान हलवली.

“त्या न्हाई घ्यायच्या,” छबूबाई म्हणाल्या. “मशिनीनं घास घेतल्याबिगर आमच्या बाई घास घेत न्हाईत. मला काय ठावं न्हाई व्हय?”

ताईंनी चमकून पाहिलं. छबूबाई फडकं झटकत निघूनही गेल्या होत्या. करणचं त्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. पडद्यावर एक लांबलचक यादी उघडून तो खालीवर करत होता.

“ही बघा मॅडम, आत्ता या मशीनमध्ये काय काय चाललंय त्याची यादी. हे विंडोजचं, हे प्रिंटरचं… आणि हे काय आहे?” त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. “मायएसक्यूएलडी. डेटाबेस सर्व्हर. म्हणजे नोंदी सांभाळणारा. पडद्यामागं बसून राहतो, मागाल ती नोंद काढून देतो.”

“मग तो आपलाच असेल. विहिरींच्या नोंदी आहेत ना.”

“नाव तर बरोबर आहे. पण व्हायरसवालेसुद्धा अशी सभ्य नावं घेऊनच आत बसतात. नावावर जायचं नाही, राहतो कुठं ते बघायचं.” त्यानं उजवं बटण दाबलं, काहीतरी उघडलं आणि हळूच शीळ घातली. “हा असायला पाहिजे होता सी ड्राइव्हमध्ये, प्रोग्रॅम फाइल्समध्ये. राहतोय कुठं? डी ड्राइव्हवर, ७८६ नावाच्या फोल्डरमध्ये. असे नुसत्या आकड्यांचे फोल्डर कोण करतं माहितीये? व्हायरस.”

त्यानं त्या ओळीवर जाऊन ते काम बंद पाडलं. ओळ नाहीशी झाली. मग दोघं बघत असतानाच मिनिटभरात ती पुन्हा यादीत येऊन बसली.

“बघितलंत? मारलं तरी उठतंय! शंभर टक्के गडबड आहे. मॅडम, आता एक-एक शोधत बसण्यात अर्थ नाही. सगळं पुसतो, नवीन विंडोज टाकतो. पाचपर्यंत मशीन नव्यासारखं.”

“आणि नोंदी?”

“बॅकअप असेल ना?”

“आहे की!” ताईंचा चेहरा खुलला. हा प्रश्न कुणीतरी कधीतरी विचारील म्हणून त्यांनी तीन वर्षं तयारी केली होती. कपाटातून त्यांनी हळदी-कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवलेला पेन ड्राइव्ह काढला. “दर एकादशीला घेते. एकही चुकवलेली नाही.”

करणनं तो लावला. पडद्यावर ओळीनं विहिरीची छोटी चित्रं उमटली. प्रत्येकीखाली नाव आणि साल होतं: कामिका, पुत्रदा, इंदिरा, प्रबोधिनी. तीन वर्षांतल्या सगळ्या एकादश्या तिथे होत्या.

करणनं एका चित्रावर बाण नेला. दुसऱ्यावर नेला. मग खुर्ची थोडी मागं घेतली.

“मॅडम, तुम्ही हे कसं घेत होता?”

“समोर ते विहिरीचं चित्र आहे ना, ज्याच्यावर दाबलं की प्रोग्रॅम उघडतो, ते कॉपी करायचं आणि यात ठेवायचं. मग तिथीचं नाव आणि साल द्यायचं.”

“त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण दिसतोय? तो म्हणजे नुसता रस्ता दाखवणारा. घराच्या दारावरची पाटी. तुम्ही दर एकादशीला पाटी घेऊन जात होता. घर इथंच राहिलं.”

ताईंना कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला, जसा त्या देवळात घेतात.

“म्हणजे यात विहिरी नाहीत.”

“एकसुद्धा नाही.”

सुरुवातीच्या वर्षांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. नंतरचं सगळं फोनवर ऐकून थेट कॉम्प्युटरमध्ये. महमूदभाई होते तोवर बॅकअप तेच घ्यायचे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्यांचं छोटं दुकान होतं आणि संस्थेचं हे सगळं त्यांनीच उभं करून दिलेलं. तीन वर्षांपूर्वी ते अचानक गेले, दुकान दुसऱ्यानं घेतलं, आतली जुनी यंत्रं भंगारात गेली. बेचाळीस विहिरींची बारा वर्षं आता या एका डब्यात होती. आणि तो डबा करण पुसायला निघाला होता.

“हे मशीन कुणी बसवलं होतं?” करणनं विचारलं.

“महमूदभाईंनी.”

“मग हे काही त्यांनीच आत ठेवलं नसेल कशावरून? जाता-येता माहिती काढून घ्यायला?”

ताईंचे नेम पुष्कळ होते, त्यातला सगळ्यात अवघड म्हणजे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही आणि बोललेलं ऐकूनही घ्यायचं नाही.

“करणदादा,” त्या म्हणाल्या, “तो माणूस आता उत्तर द्यायला इथं नाही. आपण बघून बोलू.”

करण थोडा ओशाळला. “तसं नव्हतं म्हणायचं मला.”

ताई पडद्यावरच्या त्या तीन आकड्यांकडे बघत राहिल्या. कुठंतरी पाहिलेत. कपाटातली बिलांची फाइल काढून त्यांनी पानं उलटली. महमूदभाईंचं पिवळं बिल सापडलं: माउसचं, दहा वर्षांपूर्वीचं. त्यावर अगदी वर, मधोमध, निळ्या शाईत लिहिलं होतं: ७८६. पुढच्या बिलावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच.

“हे बघा. मी पान लिहायला घेतलं की आधी वर श्री काढते ना, तसं ते हे लिहायचे. त्यांच्यात बिस्मिल्लाचा आकडा आहे तो. काम सुरू करताना त्यांनी या फोल्डरवरही लिहिला असणार.”

करणनं बिल हातात घेऊन पाहिलं, फोल्डरकडे पाहिलं, आणि मान्य केल्यासारखं हसला. “भारी आहे! पण मॅडम, याच्यानं फोल्डर कुणी केला ते कळलं. आत बसलाय तो खरा की खोटा, ते नाही कळलं. मधल्या काळात कुणी आतला बदललाही असेल. ७८६ तर चोरही लिहील.”

ताईंना वाईट वाटलं नाही. उलट पोरगा त्यांना पहिल्यांदा आवडला.

“खरंय तुमचं. मग खात्री कशी करायची?”

“खऱ्या फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते, ती बघायची.” त्यानं पाहिली. “यावर नाही. पण ही आवृत्ती लई जुनी आहे, जुन्यांवर कधी कधी नसते. म्हणजे ना इकडं, ना तिकडं.” नगरचा करण बोलता बोलता गावावर उतरला होता. “या फोल्डरमध्ये सेटिंगची फाइल आहे, ती उघडतो.”

फाइल उघडली. तिच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, दोन ओळी होत्या. करणनं अडखळत वाचल्या. “रोहिणीताईंच्या विहिरींचं काम आहे. बंद पडलं तर आपोआप उठेल. काढण्याआधी फोन करा.” खाली नंबर.

“म्हणून उठत होता,” करण पुटपुटला.

“मला बंद-चालू करायला जमायचं नाही ना तेव्हा. लाइट सारखी जायची.” ताईंचा आवाज आणखी हळू झाला. “आणि तुम्ही फोन न करता मघाशी एकदा मारलाच की त्याला.”

“आता करतो फोन.”

“तो घरचा नंबर आहे. मी लावते.”

पलीकडून महमूदभाईंच्या पत्नी, मुबारकबी बोलल्या. “कोण, रोहिणी? आज इतक्या सकाळी कशी गं याद आली?”

“भाभी, एक विचारायचं होतं. भाईंनी आमच्या कॉम्प्युटरमध्ये काम केलं, त्या फोल्डरला ७८६ नाव दिलंय.”

“दिलंच असेल. माझ्या पिठाच्या डब्यावर पण लिहिलंय त्यांनी. स्क्रूच्या बरणीवर पण. मी म्हणायचे, आता माझ्या कपाळावर पण लिहा!” त्या हसल्या, मग थांबल्या. “काय झालं? काही बिघडलं काय?”

ताईंनी थोडक्यात सांगितलं. फोन स्पीकरवर होता. करण पुढं वाकून म्हणाला, “काकी, ते सॉफ्टवेअर कुठून आणायचे, काही माहिती आहे?”

“बेटा, मला त्यातलं काय कळतंय? पण एक सांगते. ते कुठलीही वस्तू आणली की तिचा खोका टाकून देत नव्हते. मिक्सर जळून गेला, खोका आज पण माळ्यावर आहे. म्हणायचे, वस्तू आहे तोवर खोका पाहिजे, कोणी विचारलं तर दाखवायला. बघा, तुमच्या त्या मशिनीत पण कुठं खोका ठेवला असेल.”

करणनं ताईंकडे पाहिलं, मग पडद्याकडे. फोल्डरच्या आत खाली खाली जात तो एका ठिकाणी थांबला. तिथे ‘खोका’ नावाचा आणखी एक फोल्डर होता, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. आत एकच बांधलेली फाइल: सॉफ्टवेअर मुळात आणलं होतं तसंच, झिप करून.

“काकी,” तो म्हणाला, “सापडला.”

“सापडणारच,” मुबारकबी म्हणाल्या. “रोहिणी, काम झालं की सांग गं मला. जिवाला घोर लावून ठेवू नको.”

पुढचं काम करणनं मोठ्या गोडीनं केलं आणि ताईंना समजावतही राहिला. कंपनी आपल्या साइटवर जुन्या फाइलींचा ठसा देऊन ठेवते. माणसाच्या अंगठ्याचा असतो तसाच. आतलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी ठसा वेगळा येतो. पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून त्यानं खोक्यातल्या फाइलचा ठसा काढला. बत्तीस अक्षरं-आकडे. मग आपल्या मोबाइलवर कंपनीची साइट उघडली आणि मोबाइल ताईंच्या हातात दिला.

“तुम्ही वाचा, मी इथं बघतो. घाई नको.”

ताईंनी चष्मा सारखा केला. त्या एकेक अक्षर वाचू लागल्या, सावकाश, रोज जपमाळ ओढतात त्याच लयीत. प्रत्येकावर करण “हं” म्हणत होता. छबूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण मध्ये बोलू नये एवढं कळत होतं. विसाव्या अक्षराला करणचा “हं” आला नाही. ताईंनी मान वर केली.

“बी म्हणालात की डी?”

“डी. डमरूचा ड.”

“मग बरोबर. पुढं.”

बत्तिसावं अक्षर जुळलं. करणनं मूळ खोका वेगळ्या जागी उघडला, त्यातल्या डेटाबेस सर्व्हरचा ठसा काढला आणि शेजारी, सध्या चालू असलेल्याचा. दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या. डोळ्यांनी पाहिलं तरी कळत होतं, हुबेहूब एकच.

“म्हणजे?” छबूबाईंनी विचारलंच.

“म्हणजे बसवला त्या दिवशी होता तोच आहे, मावशी. कुणी बदललेला नाही. आणि सेटिंगही चोख आहे. तो फक्त याच मशीनमधल्या प्रोग्रॅमशी बोलतो, बाहेरच्या कुणाशी नाही. दार आतूनच लावून घेतलंय भाईंनी.”

“मंग मघाशी त्याला चोर कोन म्हनत हुतं?”

“मीच,” करण कान पकडत म्हणाला.

त्यानं मग सर्व्हर नीट, रीतीनं थांबवला, नोंदींचा सगळा फोल्डर आपल्या डिस्कवर आणि ताईंच्या पेन ड्राइव्हवर उतरवला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. त्या संथ मशीनवर एवढ्यातच दुपार उलटली. पेन ड्राइव्हवरच्या एकादश्या पुसू का, असं त्यानं विचारलं. ताई म्हणाल्या, राहू द्या, काय जागा खातायत. पुढच्या वेळेपासून काय करायचं ते त्यानं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं. ताईंनी तो कागद घेऊन आधी त्यावर वर श्री काढला. मग थोडं थांबून त्याच्या शेजारी, बिलावर होते तसे, तीन आकडे लिहिले.

“पण मग महिनाभर स्लो का चाललंय?” त्यांना एकदम आठवलं.

करण यादी चाळत होता. हळूहळू त्याचे कान लाल झाले. “मॅडम, मागच्या महिन्यात मी नगरवरून लांबूनच एक अँटिव्हायरस टाकला होता, आठवतं? जुना काढायचा राहिला. दोघं एकमेकांनाच तपासत बसलेत.”

छबूबाई पोट धरून हसल्या. “दोन राखणदार, आन् चोर कुटं हाय तर कुटंच न्हाई!”

ताईंनाही हसू आवरलं नाही. करणनं एक काढून टाकला, मशीन बंद करून सुरू केलं आणि खुर्चीतून उठला. घड्याळात सव्वातीन वाजले होते. तेव्हा कुठं त्याचं लक्ष कपाटावरच्या न उघडलेल्या डब्याकडे गेलं, आणि सकाळी छबूबाई काय म्हणाल्या ते त्याला आठवलं.

“ताई,” तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच मॅडम नाही म्हणाला. “सकाळी दोन मिनिटं मागत होता ना? बसा.”

ताई बसल्या. विहिरीच्या चित्रावर दाबलं. प्रोग्रॅम उघडला, बेचाळीस नावं ओळीनं आली, धनेवाडी सगळ्यात वर. त्यांनी सहज मागची पानं काढून पाहिली. सात वर्षांपूर्वी, कार्तिकातल्या याच आठवड्यात, एकोणतीस फूट, म्हणजे पाणी यंदाहून थोडंच खाली. त्या वर्षी माघातच विहीर आटली होती. परवाच्या बैठकीत हे बोलता येणार होतं.

मग त्यांनी डावा तळहात उजेडात धरला. सकाळपासून दोनदा हात धुतल्यानं शाई फिकट झाली होती, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येत होती. सव्वीस फूट चार इंच. त्यांनी तो भरला, पुन्हा एकदा पडताळून पाहिला आणि बटण दाबलं. आतल्या सर्व्हरनं क्षणात नोंद घेतली.

“छबू, ताटल्या आण गं. तीन,” त्या म्हणाल्या. “आणि करणदादा, तुम्हीही बसा. भाकरी थोडी कडक झाली असेल आतापर्यंत.”

पहिला घास मोडण्याआधी त्यांनी फोन उचलून मुबारकबींचा नंबर लावला.